काकूंच्या वहीतलं एक वाक्य

मध्यंतरी एक काळ असा आला होता की मला प्रार्थनाच करता येईना. विश्वास गेला होता असं नाही, देव नाही असं कधी मनातही आलं नाही, पण डोळे मिटले की आतून काही येईचना, सगळे शब्द वापरून संपल्यासारखे वाटायचे. आणि आमच्या संगतीत, म्हणजे आम्हा ख्रिस्ती विश्वासी लोकांच्या सभेत, तर दर आठवड्याला कोणी ना कोणी म्हणायचंच, सिस्टर आज तुम्ही प्रार्थनेने सुरुवात करा, आणि मी काहीतरी कारण काढून दुसऱ्या कोणाकडे तरी ढकलायचे, घसा बसलाय, आज तुम्हीच करा ना, असं चार-पाच महिने चाललं असेल. कोणाच्या लक्षात आलं नाहीये अशी माझी समजूत होती.

आमच्यात एक काकू आहेत. सत्तरी ओलांडलेल्या, बोलायला कमी, कायम मागच्या बाजूला बसणाऱ्या. एकदा संगती संपली, सगळे उठले, आणि त्या म्हणाल्या, "दोन मिनिटं बस गं." मी मनाची तयारी केली, की आता विचारणार काय झालंय, रोज वचन वाचतेस ना, उपास करून बघ. त्यांनी तसलं काहीच विचारलं नाही. पर्समधून एक छोटी वही काढली, रबरबँड लावलेली, पानांचे कोपरे हाताळून हाताळून कापडासारखे मऊ पडलेले, आणि एकेक पान उलटत एका जागी थांबल्या, वही माझ्याकडे फिरवली. वर तारीख, दोन वर्षांपूर्वीची. खाली पेन्सिलीने, त्यांच्या तिरक्या अक्षरात, वर चढत गेलेली ओळ: "प्रभू, आज आजच्यापुरतं बळ दे, आणि उद्या काकूंनी डोळे उघडायच्या आत उद्याचं तयार ठेव." शेवटी माझं नाव.

मला काही केल्या आठवेना. मग त्यांनीच सांगितलं, काकांच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी फोनवर त्यांच्यासोबत प्रार्थना केली होती त्यातलं ते वाक्य, फोन ठेवल्या ठेवल्या त्यांनी उतरवून घेतलं होतं. "तेव्हापासून सकाळी उठले की पहिलं हे वाचते," त्या म्हणाल्या, "देवाने ते तुझ्या तोंडून मला दिलं. आत्ता तुझ्याकडे शब्द नसतील तर नसू देत. तुझे माझ्याकडे आहेत ना, मी तेच म्हणते तुझ्यासाठी, माझ्या जागी तुझं नाव घालून." वहीला परत रबरबँड लावला आणि उठल्या.

त्या रात्री मी प्रार्थना केली. फार नाही, तेवढं एकच वाक्य म्हटलं, पण म्हटलं.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून आज लिहायला बसले. आपल्या विश्वासी लोकांच्या बोलण्यात 'उत्तेजन' हा शब्द इतक्यांदा येतो की तो आता कानाला जाणवतही नाही, एकमेकांना उत्तेजन द्या, आजचा संदेश फार उत्तेजनाचा होता, वगैरे. एरवीच्या मराठीत मात्र हा शब्द आपल्याला शाळेच्या बक्षीस समारंभातून माहीत असतो, पहिला, दुसरा, तिसरा आणि मग उत्तेजनार्थ, म्हणजे नंबर आला नाही पण पोराचा हिरमोड व्हायला नको. मला वाटतं संगतीतसुद्धा आपण नकळत त्याच अर्थाने उत्तेजन देत असतो, जो खचलाय, मागे पडलाय, त्याच्या हातात ठेवायचं काहीतरी. टेन्शन घेऊ नका, देव सगळं चांगलं करेल, आम्ही प्रार्थनेत आठवण ठेवतो. खोटं नसतं यातलं काही. पण हे कोणालाही सांगता येतं, समोर कोण बसलंय ते न बघतासुद्धा. काकूंनी जे केलं ते फक्त माझ्यासाठीच करता येण्यासारखं होतं, कारण त्यासाठी त्यांनी दोन वर्षं माझ्याकडे बघितलं होतं.

बायबलमध्ये या कामासाठी ज्या माणसाचं नावच पडलं तो बर्णबा. खरं नाव योसेफ, कुप्र (सायप्रस) बेटावरचा, लेवी वंशातला, आणि प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, त्याचं नाव बर्णबा ठेवलं (प्रेषितांची कृत्ये 4:36). मराठी बायबलात त्याचा अर्थ 'बोधपुत्र' असा दिलाय. मूळ ग्रीक शब्द आहे पाराक्लेसिस, त्यात धीर देणं, समजावणं, विनवणं, सांत्वन करणं हे सगळं येतं, आणि योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू पवित्र आत्म्याला जो शब्द वापरतो, पाराक्लेतॉस, ज्याला आपल्याकडे 'कैवारी' म्हटलंय, तो याच घराण्यातला. बाजूला उभं राहण्यासाठी बोलावलेला, असं काहीसं. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता, की एका साध्या माणसाला मित्रांनी जे टोपणनाव दिलं ते पवित्र आत्म्याच्या नावाच्या इतकं जवळचं आहे.

आणि हा बर्णबा करतो काय? दमिष्काच्या वाटेवर येशूचं दर्शन झाल्यानंतर शौल, म्हणजेच पुढचा पौल, यरुशलेमेत येतो तेव्हा सगळे शिष्य त्याला घाबरतात, हा खरंच शिष्य झालाय यावर कोणाचा विश्वास बसत नाही, आणि घाबरणं चूक होतं असंही म्हणवत नाही, कारण याच माणसाने घरोघरी शिरून लोकांना तुरुंगात टाकलं होतं. बर्णबा त्याला हाताला धरून प्रेषितांकडे नेतो आणि सांगतो, याने वाटेत प्रभूला कसं पाहिलं, दमिष्कात याने येशूच्या नावाने कसं धैर्याने भाषण केलं. म्हणजे बर्णबाला त्याची गोष्ट माहीत होती. नुसतं "चांगला माणूस आहे, घ्या आत" असं तो म्हणत नाही, घडलेलं सांगतो. पुढे अंत्युखिया शहरात गेल्यावर काय झालं ते कृत्यांचं पुस्तक लिहिणारा लूक सांगतो, की बर्णबाने देवाची कृपा पाहिली आणि त्याला आनंद झाला, आणि मग त्याने सगळ्यांना बोध केला (11:23). या क्रमाकडे मी पूर्वी कधी लक्ष दिलं नव्हतं. आधी पाहिलं, मग आनंद झाला, मग बोलला. आपण बरेचदा थेट तिसऱ्यावर उडी मारतो. आणि अंत्युखियातलं काम वाढायला लागलं तेव्हा हा माणूस उठून तार्सला गेला, शौलाला शोधून काढलं आणि घेऊन आला. पूर्ण वर्षभर दोघांनी मिळून तिथे शिकवलं, आणि शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा त्याच गावात मिळालं.

आता एक अडचण, जी मी खूप विश्वासी लोकांकडून ऐकलीय आणि माझ्याही मनात होती. कोणाचं तोंडावर चांगलं बोललं की त्याला गर्व होईल, गौरव देवालाच मिळायला पाहिजे, म्हणून गप्प राहिलेलं बरं. या भीतीने आपल्या संगती फार कंजूष झाल्यात असं माझं स्पष्ट मत आहे. चूक काढायला आपण अर्ध्या तासात येतो आणि कृपा दिसली तर मनातल्या मनात हालेलूया म्हणून पुढे जातो. पौलाने यावर किती सोपा मार्ग काढलाय बघा. करिंथची मंडळी म्हणजे भांडणं, गटबाजी, एकमेकांवर कोर्टकज्जे, प्रभुभोजनातसुद्धा कोणी उपाशी तर कोणी मस्त, आणि त्या सगळ्यावर तो पुढे सडकून बोलणारच आहे, पण पहिल्या पत्राची सुरुवात करतो ती उपकारस्तुतीने, की ख्रिस्त येशूमध्ये तुम्हाला मिळालेल्या कृपेबद्दल मी तुमच्याविषयी सतत देवाचे आभार मानतो. आभार देवाचे, ऐकवतो त्यांना. गौरव जिथे जायचा तिथे जातो आणि करिंथच्या लोकांना हेही कळतं की आमच्यात काहीतरी आहे जे या माणसाला इतक्या लांबून दिसतंय. काकूंनी अगदी हेच केलं होतं, "देवाने तुझ्या तोंडून दिलं" म्हणाल्या. मला त्यात फुगून जायला जागाच नव्हती, आणि तरी मी वर उचलली गेले.

इब्री लोकांस पत्रातलं ते वचन आपल्याला पाठ असतं, एकत्र मिळणं सोडू नये वालं. कोणी दोन-तीन आठवडे आलं नाही की हेच वचन पाठवलं जातं. पण त्याच्या आधीचं वाक्य (10:24) कोणी पाठवत नाही. तिथे म्हटलंय, प्रीती आणि सत्कर्मं करायला उत्तेजन येईल असं एकमेकांकडे लक्ष देऊ. लक्ष देऊ! नुसतं हजेरी लावू असं नाही. आणि तिथे उत्तेजनासाठी जो ग्रीक शब्द आहे, पारॉक्सिस्मॉस, तो भलताच टोकदार आहे, टोचणं, डिवचणं, पेटवणं या अर्थाचा. सगळ्या नव्या करारात हा शब्द फक्त दोनदा आलाय. एक इथे, आणि दुसरा प्रेषितांची कृत्ये 15:39 मध्ये, जिथे पौल आणि बर्णबा यांच्यात योहान मार्कावरून कडाक्याचं वाजलं त्याला हा शब्द वापरलाय. मार्क आधीच्या प्रवासात अर्ध्यातून परत गेला होता, पौल म्हणाला असल्याला पुन्हा न्यायचं नाही, बर्णबा म्हणाला न्यायचं. दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रला गेला आणि त्यानंतर कृत्यांच्या पुस्तकात बर्णबा आपल्याला परत दिसत नाही. पण पौल शेवटी कैदेतून तीमथ्याला लिहितो, मार्काला सोबत घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत मार्काशी कोण काय बोललं ते कुठे लिहिलेलं नाही, पण त्याला घेऊन जहाजात बसणारा एकच जण होता.

मला या सगळ्यात सगळ्यात आवडतो तो योनाथान मात्र. 1 शमुवेल 23. दावीद जीफच्या रानात लपलाय, शौल राजा (हा जुन्या करारातला, वेगळा शौल) रोज त्याला शोधतोय, आणि त्याच शौलाचा मुलगा उठून त्या रानात जातो आणि देवाच्या ठायी त्याचा हात बळकट करतो. देवाच्या ठायी, हे दोन शब्द मी बायबलमध्ये खाली रेघ मारून ठेवलेत. त्याने शस्त्रं नेली, माणसं नेली असं काही लिहिलेलं नाही. तो म्हणतो भिऊ नकोस, माझ्या बापाचा हात तुझ्यापर्यंत पोचणार नाही, तू इस्राएलाचा राजा होशील आणि मी तुझ्या खालोखाल असेन. हे म्हणणारा स्वतः युवराज आहे हो. ज्या गादीबद्दल बोलतोय ती त्याची स्वतःची. देवाने आधी सांगितलेलंच तो दावीदाला परत आठवण करून देतो, कारण गुहेत राहून राहून माणसाला स्वतःला मिळालेलं वचन स्वतःलाच खरं वाटेनासं होतं, ते दुसऱ्याच्या आवाजात ऐकावं लागतं. मग दावीद रानातच राहिला आणि योनाथान घरी गेला. दोघांची ती शेवटची भेट. परिस्थिती तसूभरही बदलली नव्हती.

हे शेवटचं मला मुद्दाम सांगायचंय, कारण आपल्याला लगेच रिझल्ट हवा असतो. मी इतकं बोलले, प्रार्थना केली, तरी तिला बरं वाटत नाहीये म्हणजे तिचाच विश्वास कमी. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र असेच घसरले. सात दिवस सात रात्री ते जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले, तोपर्यंत त्यांच्यासारखे मित्र नाहीत, आणि मग तोंड उघडलं ते कारणं सांगायला. जॉन न्यूटन आणि कवी विल्यम कूपर यांची मैत्री मला यासाठी फार महत्त्वाची वाटते. न्यूटन इंग्लंडमधल्या ऑल्नी गावात पाळक होता, त्याआधी गुलामांच्या जहाजावर कप्तान होता हे बहुतेकांना माहीत असतं. कूपरला खोल नैराश्य होतं, देवाने आपल्याला कायमचं टाकलंय असं त्याच्या मनाने घेतलं होतं. 1773 मध्ये तो पार कोसळला तेव्हा न्यूटन आणि त्याच्या बायकोने त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, आणि ते राहणं वर्षाहून जास्त लांबलं. न्यूटनला तो बरा करता आला नाही. कूपर 1800 मध्ये वारला, तोपर्यंत तो अंधार अधूनमधून येतच राहिला. पण दोघांनी मिळून लिहिलेली गीतं 1779 मध्ये छापली गेली आणि लोक अजून ती गातात, आणि मला वाटतं त्यांतली कूपरची गीतं गाताना कोणी विचारत नाही की याचं डिप्रेशन शेवटी गेलं का. ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांनी डॉक्टर जरूर गाठावा, हे उत्तेजनाने भागणारं काम नाही. पण डॉक्टरकडे जातानाही शेजारी बसायला कोणीतरी लागतंच.

याच न्यूटनकडे 1785 मध्ये विल्यम विल्बरफोर्स नावाचा एक तरुण खासदार गुपचूप भेटायला गेला होता, नवीनच विश्वासात आलेला, राजकारण सोडावं का या विचारात. न्यूटनने त्याला सांगितलं, आहेस तिथेच राहा. मग गुलामांच्या व्यापाराविरुद्धची त्याची लढाई सुरू झाली आणि 24 फेब्रुवारी 1791 ला मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने, वय 87, त्याला एक पत्र लिहिलं. सार असं की देवाने तुला याच कामासाठी उभं केलं नसेल तर माणसं आणि सैतान मिळून तुला झिजवून टाकतील, पण देव तुझ्या बाजूने असेल तर कोण टिकेल, चांगलं करताना थकू नकोस. आठवड्याच्या आत, 2 मार्चला, वेस्ली वारला. आणि एप्रिलमध्ये पार्लमेंटात मतदान झालं त्यात विल्बरफोर्स 163 विरुद्ध 88 असा हरला. व्यापार बंद करणारा कायदा व्हायला 1807 उजाडलं, म्हणजे अजून सोळा वर्षं. मरायला टेकलेल्या त्या म्हाताऱ्याने लिहायचा कंटाळा केला असता तर कोणी त्याला नाव ठेवलं नसतं. मी स्वतः किती मेसेज "नंतर निवांत लिहीन" म्हणून ठेवून दिलेत. इब्री 3:13 मध्ये म्हटलंय, 'आज' म्हटलेला वेळ आहे तोपर्यंत रोज एकमेकांना बोध करा.

आणि आता मला जे सांगायला जड जातंय ते.

आमच्याच संगतीत एक ब्रदर होता. दर शनिवारी रात्री तो दुसऱ्या दिवशीचा उतारा ग्रुपवर टाकायचा, सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावायचा, माईक चेक करायचा, आणि सुरू झालं की दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा. किती वर्षं, मोजलीच नाहीत. एका शनिवारी उतारा आला नाही. पुढच्या शनिवारी दुसऱ्या कोणीतरी टाकला. खुर्च्या ज्याला जमेल तो लावू लागला. दीड महिना गेला असेल, तेव्हा कोणीतरी सहज विचारलं की अरे तो दिसत नाही हल्ली, आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. मी फोन केला. अगदी नीट बोलला, रागाचा लवलेश नव्हता आवाजात. म्हणाला, "सिस्टर, मी येणं बंद नव्हतो करणार. एक आठवडा बरं नव्हतं म्हणून आलो नाही. मग बघू म्हटलं, कोणी विचारतंय का."

मला बोलताच येईना. प्रार्थना करते म्हणाले आणि फोन ठेवला.

परत या, तुमची गरज आहे, असं लिहायला घेतलं आणि खोडलं. ते खरं होतं पण खुर्च्यांसाठी गरज आहे असं त्यात ऐकू येत होतं. मग ठरवलं, काकूंसारखं करायचं, या माणसात देवाची कृपा मी कुठे पाहिली ते त्याला लिहायचं. आणि मी फोन हातात धरून बसले, अर्धा तास, पाऊण तास, आणि मला काही सुचेना. इतकी वर्षं ज्याने माझ्यासाठी खुर्ची मांडली त्याच्याकडे मी एकदाही नीट बघितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी प्रभूजवळ क्षमा मागितली आणि खरंच मागितलं, की मला काहीतरी आठवू दे.

दुसऱ्या दिवशी आठवलं. एक नवीन मुलगा आला होता एकदा, पहिल्यांदाच बायबल हातात धरलेला. उतारा मीखा मधला होता. सगळ्यांनी फटाफट पानं उलटली आणि हा बिचारा पुढे-मागे, पुढे-मागे, कान लाल झालेले. तेव्हा हा ब्रदर दाराजवळून उठला, स्वतःचं उघडलेलं बायबल, बोट त्या ओळीवर ठेवलेलं, त्याच्या मांडीवर ठेवलं, त्याचं बंद बायबल उचललं आणि परत जागेवर जाऊन बसला. एक शब्द बोलला नाही. मी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं होतं आणि विसरूनही गेले होते. हे सगळं मी त्याला लिहिलं, जसं आठवलं तसं, कानांसकट, आणि लिहिलं की त्या दिवशी संदेश कशावर होता ते मला आठवत नाही पण तुम्ही ठेवलेलं ते बोट आठवतं, आणि त्यासाठी मी देवाचे आभार मानते, उशिरा मानतेय त्याबद्दल माफ करा.

दोन दिवस उत्तर नाही. निळ्या टिक आल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी एकच ओळ आली: "तो मुलगा कसा आहे आता? येतो का अजून?"

मला माहीत नव्हतं. मी नंबर शोधला आणि त्या मुलाला फोन लावला.